गोव्यात फॅसिझम आला होता, ते पण छापा

मा. संपादक,

१८ जून जवळ आला की दरवर्षी आपल्या पेपरात डॉ. लोहिया आणि पोर्तुगीजांविरुद्धच्या त्यांच्या १९४६ च्या मडगावच्या सभेवर लेख येतात, मी कात्रणं काढून ठेवतो. पण दर वेळी एक वाक्य खटकतं, "४५० वर्षांच्या पोर्तुगीज जुलमाविरुद्ध". अहो, ती ४५० वर्षं एकसारखी नव्हती. १९१० ला पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा बरोबरीचे नागरी हक्क मिळाले, सरकारी नोकरीची दारं उघडली, आमची पोरं लिसेंवात, म्हणजे सरकारी पोर्तुगीज हायस्कुलात, जायला लागली. १९२६ नंतर ह्या मोकळेपणाला कात्री लागली, ती कोणी आणि कशी लावली हे कुठल्याच लेखात येत नाही.

१९२६ ला तिकडे लष्कराने सत्ता घेतली, दोन वर्षांनी सालाझार, जो पुढे हुकूमशहा झाला, अर्थमंत्री झाला. तेव्हा इटलीत मुसोलिनी जोरात होता आणि सालाझारने १९३३ चा कामगार कायदा सरळ मुसोलिनीच्या कामगार सनदेवरून बेतला. त्याआधीच १९३० मध्ये वसाहत खातं थोडे महिने त्याच्याकडे होतं तेव्हा त्याने वसाहतींचा कायदा आणला, आक्तु कोलोनियाल. त्यात लिहिलंय की वसाहती ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुधारणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा पिंडच आहे. म्हणजे राज्य कोणी करायचं आणि 'सुधारून' कोणी घ्यायचं हे जन्मावरच ठरलं. त्याच वर्षी गोव्यातल्या चांदर गावचे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी इथल्या सरकारी कौन्सिलात ठराव मांडला आणि नेमका तोच शब्द उचलला, की स्वतःचं नशीब स्वतः ठरवायचा हक्क आम्ही सोडलेला नाही, तो आमच्या पिंडातच आहे. हे लोहियांच्या १६ वर्षं आधी! मला तर हे वाचताना अंगावर काटा येतो.

दुसऱ्या महायुद्धात हिटलर, मुसोलिनी संपले, सालाझार मात्र टिकला, १९४९ ला तर नाटोत सुद्धा बसला. १९४६ ला गोवा मुक्तीचे पुढारी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हांना लष्करी कोर्टाने ८ वर्षं देऊन पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात टाकलं. १९५१ ला जगाला दाखवायला 'वसाहत' शब्द पुसून 'सागरापारचा प्रांत' केलं, ब्राझीलचा समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेयर याला सरकारी पाहुणा म्हणून गोव्यात फिरवलं, कारण पोर्तुगीज वंशभेद करत नाहीत अशी त्याची थिअरी होती. आणि १९५४ ला त्याच सरकारने अंगोला, मोझांबिक, गिनीत काळ्या माणसांना 'इंदिजिना' ठरवणारा कायदा नव्याने काढला, म्हणजे नागरिकत्व नाही, वर सक्तीची मजुरी. गोंयकार त्यात बसत नव्हते, एक पायरी वर. पायरी वर ठेवली की माणूस खालच्याकडे बघतो, वर कोण बसलंय ते बघत नाही, हीच त्यांची खेळी होती असं मला वाटतं. मोझांबिकचे सैनिक गोव्यात आणले तेव्हा आमच्या घरात सुद्धा त्यांना हिणवून 'खाप्री' म्हणायचे आणि गोऱ्यांना 'पाखले'. त्या सैनिकांना त्यांच्याच देशात काय भोगावं लागत होतं हे कोणी आम्हाला सांगितलं नाही, ह्याची मला आज खरंच लाज वाटते.

माझ्या आजोबांच्या लग्नाची पत्रिका अजून कपाटात आहे, १९५२ ची. वर श्री शांतादुर्गा प्रसन्न, मधे वधूवरांची नावं, मुहूर्त, आणि खाली कोपऱ्यात सेन्सॉरचा फिक्कट जांभळा शिक्का. लग्नाच्या पत्रिकेवर! मंजुरी यायला उशीर झाला म्हणून अर्धी आमंत्रणं तोंडीच करावी लागली असं आजी सांगायची. पोर्तुगीज काळात शिस्त होती, स्वस्ताई होती असं जे आजही म्हणतात त्यांना मी ती पत्रिका दाखवतो.

पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातच पोर्तुगीज पराक्रमाच्या निळ्या टाईल्सचं मोठं चित्र आहे, पर्यटक तिथे फोटो काढतात, काढू देत, ते कामच सुंदर आहे. पण ज्यांचं नाव त्या इमारतीला आहे त्यांचा १९३० चा ठराव मराठीत किती जणांनी वाचलाय? यंदाच्या १८ जूनच्या पुरवणीत तो अख्खा छापा, जमलं तर बाजूला आक्तु कोलोनियालचं ते कलम पण. भाषांतराला माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे, पोर्तुगीज मला वाचता येतं.

आपला,
एक जुना वाचक, फोंडा