१९५६ च्या पानावर १७ जून कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तर वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १९५६ सालच्या भारतातल्या घडामोडींचे आपल्या पुरवणीतले पान वाचले. पान देखणे झाले आहे. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी, १ सप्टेंबरला सुरू झालेले आयुर्विमा महामंडळ, नागपूरची धम्मदीक्षा, मेलबर्नचे हॉकीतले सुवर्ण, सगळे आले. मद्रासच्या कसोटीतली विनू मांकड आणि पंकज रॉय यांची ४१३ धावांची सलामीही आली, त्यावर आमचे हे खूश. मी मात्र पान दोनदा वाचले, १७ जून काही सापडला नाही.

आधी एक दुरुस्ती. १ नोव्हेंबरच्या चौकटीत 'महाराष्ट्र मिळाला' असे छापले आहे. मिळाले ते द्वैभाषिक मुंबई राज्य. विदर्भ-मराठवाड्यासोबत सौराष्ट्र आणि कच्छही त्यात होते. जानेवारीत मुंबईत गोळीबारात माणसे पडली आणि जुलैत चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, ती द्वैभाषिकासाठी नव्हे. महाराष्ट्रासाठी १ मे १९६० उजाडावा लागला.

आता जूनबद्दल. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा त्याने दिला. त्यातले १४ वे कलम तर माझ्या आजोळच्या उंबऱ्याच्या आत आले.

माझे आजोबा १९४८ साली गेले. आजीच्या पदरात दोन मुली, माझी आई आणि मावशी. दिरांनी पोटगीपोटी ओढ्याकडची दोन एकर जिराईत तोडून दिली. अट एकच, हयात असेपर्यंत खा. पिकवायचे, खायचे, विकायचे नाही, मुलींच्या नावे करायचे नाही. तिच्यामागे जमीन पुन्हा दिरांकडे. १४ व्या कलमाने ही हयातीची मेखच उपटली. बाईच्या ताब्यातली मिळकत कायद्याआधी आलेली असो की नंतर, वारशाने, वाटणीत की पोटगीपोटी, ती तिची पूर्ण मालकीण. (कागदावर हयातीची अट लिहिली असली तरी पोटगीपोटी दिलेल्या मिळकतीत ती टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुलसम्मांच्या खटल्यात सांगितले. म्हणजे वाद आमच्याच घरात होता असे नाही.)

आजीला हे कळायला आठ वर्षे लागली, आणि तेही वकिलाकडे भलत्याच कामाला गेली तेव्हा. दीर चिडले. "वहिनी, कायदा दिल्लीचा, जमीन आमच्या बापाची." आजीचे उत्तर आई नेहमी सांगायची: "मग भावजी, दिल्लीला जाऊन सांगा." तिने मृत्युपत्र केले. दोघी बहिणींना एकेक एकर.

कायद्यात उणिवा होत्याच. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क फक्त मुलांना राहिला. तो मुलींना महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. राहत्या घराचे वाटप तर भाऊ वाटणी करेपर्यंत मुलीला मागताच येत नसे. ते २३ वे कलमही २००५ सालीच गेले. आणि जे कायद्याने दिले ते काढून घ्यायला हक्कसोड पत्र होतेच.

आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, वारल्यावर १९७९ साली माझ्या आत्याने हक्कसोड दिली. मी तेव्हा तेरा वर्षांची, तिच्याबरोबर कचेरीत गेले होते. तिला लिहिता येत नव्हते. कारकुनाने तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला, लहान मुलाचा हात धरून पाटीवर श्री गिरवतात तसा. बाहेर आल्यावर तिने अंगठा पदराला पुसला. संध्याकाळी तिला साडीचोळी झाली, पुरणपोळी झाली, आणि जो तो म्हणत होता, "माहेर राखलंस बाई." माझे वडीलही त्यात होते. माझ्या आईला आजीकडून एक एकर मिळाले, ते मात्र त्यांना कधी गैर वाटले नाही.

पुरवणीच्या पानावर बाबासाहेबांचा ऑक्टोबर आहे, डिसेंबर आहे. जूनही त्यांचाच होता. हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून त्यांनी १९५१ साली कायदामंत्रिपद सोडले. पुढे त्याच विधेयकाचे तुकडे करून विवाहाचा कायदा १९५५ साली, तर वारसा, पालकत्व आणि दत्तक-पोटगीचे कायदे १९५६ साली झाले. ऑक्टोबरात नागपुरात ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या लेकीसुनाही याच वारसा कायद्याखाली येतात, कारण त्याने बौद्धांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. जाता जाता, बाबासाहेब गेले आणि हॉकीत पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्ण मिळाले, या दोन्ही बातम्या ६ डिसेंबरच्याच. आपण त्या पानाच्या दोन टोकांना छापल्या आहेत.

जागा कमी पडली असेल तर ४१३ धावा गाळा असे मी म्हणणार नाही, घरात राहायचे आहे. पण पुढच्या रविवारी दोन ओळींची पुरवणी द्यावी. आजीच्या नावाचा सातबारा उतारा माझ्याकडे आहे. कागद घडीवर फाटला आहे, नाव स्वच्छ वाचता येते. छापायचा असेल तर छायाप्रत पाठवते.

आपली,
एक जुनी वाचक