टाळूचं ऑपरेशन लांबवा म्हणू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत दुभंगलेल्या टाळूवरचा, म्हणजे तोंडातल्या वरच्या बाजूला जन्मतःच फट असते त्यावरचा, लेख वाचला. लवकर ऑपरेशन केलं की चेहऱ्याची वाढ खुंटते, एवढंच मोठ्या टायपात छापलंत आणि आज सकाळीच गल्लीतली एक बाळंतीण पेपर घेऊन दारात, म्हणते काकू आता ऑपरेशन नकोच, लेकरू मोठं होऊ द्या.

वाढीचं खोटं नाही. माझ्या लेकीचा ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू तेराव्या. टाळूवरचा वण आखडतो अन् वरचा जबडा मागं राहतो. आज ती 16 वर्षांची आहे, खालचे दात वरच्यांच्या पुढं, भाकरी समोरच्या दातांनी तुटत नाही, पेरू दाढेकडून चावते. फोटो काढायचा म्हटलं की हनुवटी मागं ओढून घेते.

पण माझ्या आईच्या चुलत्यांचा ओठ चांगला होता, टाळू फाटलेला, तो कधी शिवलाच नाही. जबडा एकदम भरलेला. बोलणं मात्र सगळं नाकातून, मोंढ्यात ज्वारीचा भाव बोलले की अडत्या तीन-तीनदा विचारायचा, शेवटी ते बोटं दाखवायचे. पाणी पिताना नाकातून यायचं म्हणून पंगतीत बसायचे नाहीत. माझी लेक वर्गात उभी राहून धडा वाचते. टाळू 9 ते 18 महिन्यांत शिवतात ते बोलणं नीट फुटावं म्हणूनच, हे लेखात ठळक पाहिजे होतं!

माझा राग वेगळाच आहे. ऑपरेशन फुकट झालं, उपकार विसरणार नाही, पण पुढं दाखवत रहा असं कोणीच सांगितलं नाही. सुळा यायच्या आधी, आठ-दहाव्या वर्षी हिरडीतल्या फटीत हाड भरतात हे आम्हाला कळलं ती 14 ची झाल्यावर, तोवर सुळा वाकडा येऊन बसलेला. जबडा पुढं घ्यायचं ऑपरेशन आता वाढ थांबल्यावर. त्यासाठी सेलूहून संभाजीनगरच्या चकरा, प्रत्येक चकरेला दुकान बंद.

आणि त्याच पानावर खाली, ग्रहणात गरोदर बाईनं विळी धरू नये, बाळाचा ओठ फाटतो, हे कशाला छापलं? सासूबाईंनी मला 16 वर्षं हेच ऐकवलं. ग्रहण 22 जुलै 2009 चं, मला तेव्हा पाचवा लागला होता. ओठ-टाळू तर तिसऱ्या महिन्यापर्यंतच जुळून होतात.

आपली एक वाचक,
सेलू, जि. परभणी