लिथियमच्या आकड्यांमागची कारणं लिहून देणाऱ्या आप्पांना

आप्पा, राम राम.

यावल-रावेर पट्ट्यात घरगुती सोलरची कामं करणाऱ्या आम्हा वायरमन मंडळींच्या खिशात लिथियम बॅटरीसाठी इन्व्हर्टरला लावायच्या सेटिंगचा तुमचा कागद असतो. नुसते आकडे माहितीपत्रकातही सापडतात. तुम्ही प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं कारण लिहून दिलंत, त्याचे हे मनापासून आभार. ट्युब्युलर, म्हणजे जुनी लेड-ॲसिड बॅटरी, काढून लिथियम बसवणाऱ्या कुणालाही वाचता यावं म्हणून पत्र उघडंच लिहितोय.

कागदाची पहिली ओळ आहे, आधी बॅटरीवरची पाटी वाचा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पाटीवर ५१.२ व्होल्ट असेल तर आत ३.२ व्होल्टचे १६ सेल, ४८ असेल तर १५. दुकानात दोन्हींना अठ्ठेचाळीसचीच बॅटरी म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. इन्व्हर्टर ‘फ्लडेड’वर, म्हणजे पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीच्या सेटिंगवर, तसाच राहिला तर बऱ्याच मॉडेलांत बल्क व्होल्टेज, म्हणजे पूर्ण भरतानाचं व्होल्टेज, ५८.४ असतं. त्याला १६ने भागलं की सेलला ३.६५ व्होल्ट, म्हणजे अगदी वरची हद्द. सगळे सेल सारखे भरत नाहीत. एखादा पुढे पळतो आणि त्याला वाचवायला बीएमएस (बॅटरीच्या आतलं सेल सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडतो. पॅनल पूर्ण जोरात असताना बॅटरी अशी एकाएकी सुटली की इन्व्हर्टरवर ओव्हरव्होल्टेजचा एरर येतो, घरातली लाइट जाते, आणि नाव खराब होतं बॅटरीचं. १५ सेलच्या बॅटरीत तर तेच ५८.४ सेलला ३.८९ पडतात.

म्हणून बॅटरी टाइप ‘यूजर’ (आकडे आपण भरायचे), बल्क ५६.०, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) ५४.०, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला अधूनमधून द्यायचं जादा चार्जिंग) बंद. १५ सेलला ५२.५ आणि ५०.६. बल्क याहून फार खाली ओढू नका असंही तुम्ही बजावलंत, कारण बहुतेक बीएमएस सेलची बरोबरी ३.४ व्होल्टच्या वरच करायला लागतात. बॅटरी तिथवर पोचलीच नाही तर सेलमधला फरक वाढतच जातो.

उन्हाळ्याबद्दलची तुमची सूचना तर खास आपल्या खान्देशासाठीच. ट्युब्युलरसाठी लावलेला तापमानाचा सेन्सर बरेच जण लिथियमवरही तसाच ठेवतात. लेड-ॲसिडच्या हिशेबात २५ अंशांच्या वर दर अंशाला प्रत्येक २ व्होल्टच्या सेलमागे चार्जिंगचे साधारण ४ मिलिव्होल्ट कमी होतात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंश धरा: लेड-ॲसिडच्या हिशेबाचे २४ सेल, वरचे २० अंश, म्हणजे जवळजवळ १.९ व्होल्टची घट. ५६ लावलेले ५४.१ होतात. सेटिंग बरोबर दिसतं, पण बॅटरी भरल्यासारखी वाटत नाही. सेन्सर काढा किंवा तापमानाची ही भरपाई सेटिंगमध्ये शून्य करा. आणि बॅटरी पत्र्याच्या खोलीत नको. घरात जुनी धाब्याची खोली असेल तर तिच्या जाड मातीच्या भिंतीआड ठेवा, कारण भरलेली बॅटरी उष्णतेत राहिली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

खालच्या बाजूला, १६ सेलला, कट-ऑफ (बॅटरी वापरणं थांबवायचं व्होल्टेज) ४८.० आणि ग्रिडवर, म्हणजे बाहेरच्या लाइटवर, जाण्याचा आकडा ५१.०. इन्व्हर्टर आधी थांबला पाहिजे, बीएमएस नव्हे. बीएमएसनं स्वतःच तोडलं तर कित्येक इन्व्हर्टरांना समोर बॅटरीच दिसत नाही, मग ते चार्जिंगही सुरू करत नाहीत. ग्रिडवर जाण्याचा आणि बॅटरीवर परतण्याचा आकडा यांत दोन व्होल्टचं तरी अंतर हवं. लोड उतरला की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप चढतं. अंतर कमी असेल तर आतला अदलाबदलीचा स्विच, म्हणजे रिले, रात्रभर टकटक करत राहतो.

चार्जिंगच्या करंटसाठी १०० अँपिअर-अवरला ५० अँपिअर, पण पाटीवर कमी लिहिलं असेल तर पाटीचं ऐका. ५ किलोवॉटचा लोड ४८ व्होल्टवर १०४ अँपिअर ओढतो. १०० अँपिअरच्या बीएमएसला तो झेपत नाही, तिथे दोन बॅटऱ्या पॅरलल लागतात. केबल ३५ स्क्वेअर एमएमची, तांब्याची आणि शक्य तेवढी आखूड. दोन मीटरवर १६ स्क्वेअर एमएमची टाकली तर १०० अँपिअरला जवळपास ०.४ व्होल्ट केबलमध्येच जातात आणि कट-ऑफ वेळेआधी येतो.

बॅटरी आणि इन्व्हर्टरला एकमेकांशी बोलतं करणाऱ्या कम्युनिकेशन केबलबद्दल तुम्ही लिहिलेलं आम्ही प्रत्येक नव्या पोराला दाखवतो. इंटरनेटची तयार वायर दोन्ही सॉकेटांत बसते, पण पिना जुळतीलच असं नाही. दोन्ही माहितीपत्रकं समोर ठेवून कॅनच्या (या बोलण्याच्या जोडणीच्या) पिना तपासायच्या, मग इन्व्हर्टरमध्ये प्रोटोकॉल, म्हणजे दोघांची भाषा, निवडायचा, मग बॅटरीवरचे बारीक डिप स्विच लावायचे. स्क्रीनवर बीएमएसनं पाठवलेले चार्जिंगचे टक्के दिसले तरच जुळलं म्हणायचं. ‘यूजर’ मोडमध्ये व्होल्टेजवरून टक्के काढू नयेत, कारण लिथियमचं व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सपाट असतं.

आप्पा, एक मागणं आहे. लहान घरांत २४ व्होल्टचे इन्व्हर्टर पुष्कळ आहेत. त्यांच्या ८ सेलच्या, २५.६ व्होल्टच्या बॅटरीसाठी आम्ही तुमचे आकडे निम्मे करून बल्क २८.०, फ्लोट २७.०, कट-ऑफ २४.० असे लावतो. तुमच्या अक्षरात, कारणांसकट, तोही कागद मिळाला तर फार बरं होईल.

आपले,
यावल-रावेर भागातले वायरमन