उपास करता का, एवढं तरी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला काय खावं, काय टाळावं याचे तक्ते वर्तमानपत्रांतून छापून येतात. मी ते कापून डब्यात ठेवते. पण २०११ पासून मला शुगर आहे आणि या वर्षांत माझ्यावर जे वाईट प्रसंग आले, त्यांतला एकही गोड खाल्ल्यामुळे आला नाही. गोळ्या मिळाल्या, इंजेक्शन मिळालं, पण ते घेऊन रोज जगायचं कसं हे कुणी शिकवलं नाही, म्हणून ते आले.

माझं वय ६१. डिलाईल रोडला माझं पोळीभाजी केंद्र आहे. दोघी बायका मदतीला असतात आणि आम्ही रोज तीनेकशे पोळ्या लाटतो. माहेरपासून संकष्टी करते. अंगारकीला अनवाणी सिद्धिविनायकाला जायचं, हा आमच्या चाळीतल्या बायकांचा जुना नेम.

करोनाच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरातली अंगारकी. सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, कारण चिठ्ठीवर ‘रोज सकाळी’ असं लिहिलेलं होतं. दिवसभरात दोन वेळा बिनसाखरेचा चहा, बाकी काही नाही. चंद्रोदयाशिवाय मी तोंडात काही घालत नसे. संध्याकाळी निघालो. लोअर परळचा पूल तेव्हा बंद होता, म्हणून एल्फिन्स्टनच्या पुलावरून वळसा घालून प्रभादेवीला पोचलो. रांगेत तासभर झाला असेल नसेल, तोच कपाळावर गार घाम आला, हात थरथरायला लागले, छातीत धडधडायला लागलं. शेजारच्या वहिनींवर मी विनाकारण खेकसले. मग जीभ जड झाली. लोक म्हणाले, उपासाने चक्कर आली असेल, पाणी द्या.

पुढे एक कॉलेजातली मुलगी उभी होती. ती वळून म्हणाली, “काकू, तुम्हाला शुगर आहे का? गोळी घेतलीत आज?” तिचा धाकटा भाऊ लहानपणापासून इन्सुलिनवर, त्यामुळे तिने चेहरा बघूनच ओळखलं. कुणीतरी प्रसादाचा पेढा पुढे केला, तर तिने तो बाजूला सारून पर्समधली फ्रुटी काढली. मी मान हलवत होते, उपास मोडेल म्हणून. तिने स्ट्रॉ माझ्या तोंडाशी धरली आणि म्हणाली, “काकू, आता बोलू नका, आधी प्या.” दहा-पंधरा मिनिटांत मी माणसात आले.

ती पोर दिसली नसती तर काय झालं असतं, याचा विचार करून आजही पोटात गोळा येतो. ग्लिमेपिराइड शरीरातलं इन्सुलिन वाढवते, ती घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली जाणारच. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटं थांबून परत तपासायची, तरी कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची, आणि पुढचं जेवण लांब असेल तर वर थोडं काही खाऊन घ्यायचं. पेढ्यात स्निग्ध जास्त, त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे सगळं मला आठ वर्षं गोळ्या खाऊन झाल्यावर कळलं. त्या आठ वर्षांत एकाही डॉक्टरने मला विचारलं नव्हतं, “बाई, तुम्ही उपास करता का?” आपल्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. घराघरांतल्या बायका उपास करतात आणि त्यांतल्या कितीतरींना शुगर आहे. औषध लिहून देताना हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

त्याच रात्री घरी येऊन पाय धुताना डाव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड दिसला. तो कधी आला, मला पत्ताच नव्हता. हळद लावून दुसऱ्या दिवशी पोळ्यांना उभी राहिले. आठ दिवसांनी पायमोज्याला पाणी लागलं, वास यायला लागला. तेव्हा ज्या दवाखान्यात गेले, तिथल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि तळव्याला नायलॉनची काडीएवढी तार टेकवत विचारत गेले, “लागतंय का? आता? आता?” दहापैकी चार ठिकाणी मी हो म्हणाले. उरलेल्या सहा ठिकाणी तार टेकली होती आणि मी गप्प होते. डोळे उघडल्यावर ते त्यांनी मला दाखवलं तेव्हा रडूच आलं. पाय माझे, आणि मलाच त्यांची खबर नाही. जखम भरायला अडीच महिने लागले.

त्या जखमेपायी इन्सुलिन सुरू झालं. सकाळी २० युनिट, रात्री १२. पहिली बाटली आणली, दुकानदाराने सिरिंजची पाकिटं दिली, मी घेतली. तीन आठवडे झाले तरी उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या खाली येईना. डॉक्टरांनी सकाळचे २८ केले. मला वाटलं, आपलं शरीरच तसलं. मग ड्रेसिंगच्या वेळी एका सिस्टरने सहज विचारलं, “टोचता कसं ते दाखवा बघू.” मी पिशवीतून सिरिंज काढली आणि तिने माझा हातच धरला. सिरिंजचं टोपण नारिंगी होतं. बाटलीवर लिहिलेलं, एका मिलिलिटरला ४० युनिट. त्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. त्यावर आधी मी २० च्या रेघेपर्यंत भरत होते, ती रेघ म्हणजे मिलिलिटरचा पाचवा भाग, म्हणजे माझ्या बाटलीतले अंगात जात होते फक्त ८ युनिट. आणि उलटं झालं असतं तर? सिस्टर म्हणाली, १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर अडीचपट अंगात जातं, माणूस झोपेतून उठत नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबर होतं, बाटली बरोबर होती, टोचणारीही चुकारपणा करत नव्हती. कुणी एकदा समोर बसून बघितलं नव्हतं, इतकंच.

त्या सिस्टरने मला वीस मिनिटं दिली. बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत धरून वाती वळतो तशी हळूहळू फिरवायची, तळाचा पांढरा साका पूर्ण मिसळून सगळं दुधासारखं दिसेपर्यंत. एकाच जागी टोचत राहिलं तर गाठ होते आणि औषध नीट लागत नाही, म्हणून पोटावर रोज जागा बदलायची. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, फ्रीझरमध्ये कधीच नाही. टोचल्यावर अर्ध्या तासाने जेवायचंच. मी पोळीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर हे उतरवून घेतलं. ती वही अजून आहे, तेलाचे डाग पडलेत.

आता मी रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे बघते. पर्सच्या आतल्या कप्प्यात साखरेच्या पुड्या असतात. अंगारकीला जाते, पण चप्पल घालून, आणि आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस लिहून आणते. दुपारी थोडं ताक, शेंगदाणे, फळ घेते. चाळीतल्या काहींना हे पटत नाही. एका आजींनी तर तोंडावर सांगितलं, याला उपास म्हणत नाहीत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण त्यांच्याही नातीला तळवे बघायला शिकवलं आहे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही मी कैक वर्षं नुसती फाइलला लावत होते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर त्या काळाचा हिशेब सांगते, म्हणून आदल्या दिवशी उपाशी राहून तो आकडा फसत नाही. हे मला मराठीत कळलं तेव्हापासून तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळायचं नाटक मी बंद केलं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. इतक्यांना पुरतील एवढे डॉक्टर एका रात्रीत येणार नाहीत, हे मलाही कळतं. डॉक्टरांपुढची रांग मी बघते, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या सिस्टरसारखी एक व्यक्ती प्रत्येक पालिका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसवता येणार नाही का? तिने औषध लिहायचं नाही. टोचून दाखवायला सांगायचं, पाय बघायचे, उपास करता का, रोजे धरता का, रात्रपाळी असते का, एवढं विचारायचं. गोळ्यांच्या खाकी पाकिटावर ‘जेवला नाहीत तर ही गोळी घेण्याआधी विचारा’ आणि इन्सुलिनच्या खोक्यावर सिरिंजच्या टोपणाचा रंग, हे मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापता येणार नाही का?

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या १४ नोव्हेंबरला तक्ता छापाल तेव्हा त्याच्या शेजारी लाल आणि नारिंगी टोपणाच्या दोन सिरिंजचा रंगीत फोटो छापा. मी त्याच्या पंचवीस प्रती काढून आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानांत आणि चाळीच्या जिन्यांत लावीन.

आपली,
एक पोळीभाजी केंद्रचालिका,
डिलाईल रोड, मुंबई