वकीलताई, तो कागद उलटाच राहिला

आदरणीय वकीलताई,

तुम्ही काम थांबवताय, असं रामबागेत कळलं. (इंदूरच्या मराठी मंडळींत बातमी कशी फिरते, ते तुम्हाला काय सांगायचं!) समोर आभार मानले की तुम्ही "चहा घेणार ना?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा हातात घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा होता. दुसऱ्या एका वकिलांनी केलेला. बावीस परिच्छेद, त्यातले माझे जेमतेम तीन. बाकीचे 'केस मजबूत व्हायला'. तुम्ही तो न वाचता टेबलावर उलटा ठेवलात आणि वर पेपरवेट. म्हणालात, "हे वाचलं तर मी तुमची वकील. मग मध्यस्थ नाही होता येणार. काय हवंय ते घरी जाऊन ठरवा. मध्यस्थ हवी असेल तर त्यांनाही विचारा. त्या नको म्हणाल्या तर मी नाही." उभा जन्म कौटुंबिक खटल्यांत काढलेली बाई चालून आलेली फी परत पाठवते, याचा मला त्या दिवशी चक्क राग आला होता.

बायको हो म्हणाली. पहिल्याच बैठकीत तुम्ही बजावलंत, इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून जायचं नाही, तुम्हालाही कुणी साक्षीला बोलवायचं नाही. त्यानंतर आम्ही दोघंही जरा खरं बोलायला लागलो.

फ्लॅट, दागिने, मुलाचा खर्च, सगळं दोन बैठकांत मिटलं. अडलं कुठे, तर रंगपंचमीवर! बाहेरच्यांना हसू येईल, पण राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, ज्यानं लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिली, त्याला विचारा. दोन्ही आजोळं-घरं इथलीच, दोघांनाही मुलगा त्याच दिवशी हवा. दीड तास त्यावर गेला. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलंत आणि विचारलंत, "गेर आटोपते किती वाजता?" दुपारी. मग सकाळ बाबाची, संध्याकाळ आईची. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे रंग घासायचा मी?" तुम्ही न हसता लिहून घेतलंत: वडिलांनी मुलाला आंघोळ घालून, कानामागचा रंग काढून चार वाजेपर्यंत आईकडे पोचवावं. कलम ९.

पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीसाठी. परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. ही मुदत माफ होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये म्हटलंय, हे मी मोबाइलवर शोधून आलो होतो. वेगळं राहून आम्हाला दीड वर्ष उलटून गेलं होतं, मुदतमाफीचा अर्ज बसत होता. तुम्ही म्हणालात, "तुमचे वकील करतील तो अर्ज, तुमचा हक्क आहे. पण हे वेळापत्रक अजून कुणी वापरून पाहिलेलं नाही. हे सहा महिने वापरून बघा की."

बघितलं. बुधवारची भेट जमेना, ती शुक्रवारवर गेली. ताप आला की मुलगा कुठे राहील, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एका पावसाळी रात्री तेही उमगलं. दुसऱ्या अर्जाच्या वेळी दोन कलमं बदलून घेतली. आधी घाई केली असती, तर त्याच दोन कलमांवरून आज कोर्टाच्या पायऱ्या झिजवत असतो.

निघताना तो मसुदा तुम्ही मला परत दिलात, तसाच उलटा. मी घरी जाऊन फाडला.

यंदाही गेर बघून आलो. आंघोळ घातली, चार वाजता पोचवलं. साडेचारला तिचा फोटो आला: मुलाचा कान, मागे हिरवा पट्टा, आणि खाली फक्त 'कलम ९'.

एखाद्या रविवारी पोहे-जिलेबीला या. चहाचा विषय त्या दिवशी मी काढेन.

तुमचा,
रंग नीट न काढणारा पक्षकार