वाड्याचे खांब घनफुटावर विकू नका

संपादक साहेब,
नमस्कार. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारात जन्मलो, आता सत्तरी आली. धंदा जुन्या वस्तूंचा, वडिलांपासूनचा. लोकं मागे म्हणतात वाडा पडला की ह्याची दिवाळी. खोटं नाही म्हणा ते. ज्या वाड्यांत लहानपणी गणपतीच्या आरतीला जाऊन खिरापत खाल्ली तिथल्याच समया आणि घंगाळं आज माझ्या दुकानात आहेत, मुलं कॅनडात, वाडा बिल्डरकडे, आणि काकू फोन करतात, "येऊन ने रे, भंगारवाल्यापेक्षा तू बरा."

न्यायमंदिरातलं कोर्ट 2018 ला हललं तेव्हापासून वकील मंडळीही दुकानात टेकत नाहीत, पण ते असो.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक वाडा उतरवला, कोरीव सागवानी खांब टेम्पोत चढवत होते, घनफुटाचा भाव लावून. मी म्हटलं अरे 1972 चा कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू, इमारतीतून काढलेली असली तरी पुरातनच धरतात, विकायचा धंदा करायला लायसन लागतं, परदेशी तर पाठवताच येत नाही. काँट्रॅक्टर हसला, "काका, आ तो लाकडां छे." गेला टेम्पो.

उलट ज्याची काही किंमत नाही ते लोक जपून आणतात. दर चौथ्या घरात रविवर्म्याचं "ओरिजिनल" निघतं, भिंग लावलं की ठिपके दिसतात, छापील असतं, रविवर्म्यांनी 1894 ला मुंबईत प्रेसच काढला होता ना, तेव्हापासून घरोघरी गेलेली चित्रं ती. सांगितलं की लोक माझ्यावरच चिडतात!

माझं म्हणणं एवढंच की विका, मला विका नाहीतर दुसऱ्याला, पण वाडा उतरवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा, कुणाच्या घरातली, माजघरातली का ओटीवरची. भंगारातून आलेल्या वस्तूचं मी गिऱ्हाइकाला काय सांगणार, पितळ एवढंच.

मागे भंगारातूनच एक झोपाळा आला, पितळी कड्यांचा, मोर-हत्ती असलेला. त्यातली एक कडी लोखंडी. बघताक्षणी ओळखला, आठ-नऊ वर्षांचे असताना आम्ही पाच पोरं एकदम चढलो होतो, तेव्हा तुटली ती, मारही खाल्ला होता. आता चिठ्ठी मीच लावलीय. गिऱ्हाइकं म्हणतात ती कडी बदलून पितळी घाला, लगेच घेतो. मी काही बदलत नाही.

आपला,
एक जुना दुकानदार, दांडिया बाजार, बडोदा