मिस्त्रींना इंडक्शन शिकवा

महोदय,

आमची इंडक्शन शेगडी तीन आठवडे कपाटावर पडून होती. पंखा-मिक्सर चुटकीसरशी दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, "यातलं सर्किट आपल्याला कळत नाही, नवीनच घ्या." शेवटी ओळखीतल्या एकाने उघडली. फ्यूज उडालेला, आयजीबीटी (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा मुख्य इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट. नुसता फ्यूज बदलला असता तर तोही लगेच उडाला असता. त्याने आधी कॅपॅसिटर डिस्चार्ज केला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकली, भाग बदलले, सिरीज बल्ब (बिघाड उरला असेल तर जास्त प्रवाह रोखणारा, शेगडीच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावून तपासलं. तासाभराचं काम! राइस कुकरचा थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा) बदलणं त्याहून सोपं. पण काही जण तो काढून सरळ तार जोडतात, म्हणजे आगीला आमंत्रणच. विजेवर स्वयंपाक करा म्हणणाऱ्यांनी मिस्त्रींच्या प्रशिक्षणाची सोय आधी करावी. आणि कंपन्यांनी सर्किटचे नकाशे लपवू नयेत.

– एक वाचक